शिक्षा भोगून आलेला कोच आणि कट्ट्यावरचे न्यायाधीश

2025-26 च्या मोसमासाठी मुंबईच्या 14 वर्षांखालील संघाचा कोच म्हणून अंकित चव्हाणचं नाव जाहीर झालं आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यापासून क्रॉस मैदानाच्या तंबूंपर्यंत सगळे एकदम नीतिमान झाले. "फिक्सरच्या हातात आमची पोरं देणार का?" हा प्रश्न मी इतक्यांदा वाचलाय की आता उत्तर लिहूनच टाकतो. हो, द्यावीत. मात्र एका अटीवर. ती अट अंकितवर नाही, एमसीएवर आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी माणूस कोण ते आठवा, कारण बऱ्याच जणांना तो फक्त तोंडावर काळं कापड घातलेल्या फोटोतून माहीत आहे. अंकित चव्हाण हा मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज. ही मुंबईची जुनी जात आहे: विनू मंकड, बापू नाडकर्णी, पद्माकर शिवलकर, रवी शास्त्री, नीलेश कुलकर्णी. 2012-13 च्या रणजी मोसमात त्याने पंजाबविरुद्ध एका डावात 23 धावांत 9 बळी घेतले. त्याच मोसमात अजित आगरकरच्या नेतृत्वाखाली मुंबईने चाळिसाव्यांदा रणजी जिंकली. 23 धावांत 9! मुंबईकडून एवढी बोलिंग केलेले डावखुरे बोटांवर मोजण्याइतके असतील. भारतीय संघाचं दार अजून लांब होतं, पण तो त्या गल्लीत पोचला होता.

आणि मग 15 मे 2013. वानखेडेवर मुंबई इंडियन्स विरुद्ध राजस्थान रॉयल्स. अंकित राजस्थानकडून खेळत होता. पहिल्या षटकात 2 धावा, दुसऱ्यात 15. दिल्ली पोलिसांचं म्हणणं असं की हे दुसरं षटक आधी विकलं गेलं होतं, 14 किंवा जास्त धावा द्यायच्या आणि त्याचे 60 लाख रुपये. 16 मेच्या पहाटे श्रीशांत, अजित चंडिला आणि अंकित या तिघांना मुंबईत अटक झाली. आरोप खरा धरला तर पोरगा आपल्याच मैदानावर, आपल्याच शहरासमोर विकला गेला होता. म्हणून राग आला, आणि तो येणं बरोबरच होतं. मलाही आला होता.

पण राग आल्यावर पुढे काय झालं तेही बघायचं असतं.

पोलिसांनी मकोका लावला. लालबाग-परळच्या माणसाला मकोका समजावून सांगायला नको. तो कायदा आपल्याच विधिमंडळाने 1999 मध्ये केला, खंडणी आणि टोळीयुद्धासाठी. गिरण्या बंद पडल्यावर ज्या गल्ल्यांमध्ये पोरं टोळ्यांत गेली, त्या गल्ल्यांसाठी. पुढे तो दिल्लीने उचलला आणि तिथल्या पोलिसांनी तो एका स्पिनरवर लावला, का, तर सट्ट्याची दोरी वर दाऊदपर्यंत जाते म्हणून. या पोराला लग्नासाठी कोर्टाकडून काही दिवसांची सुटका मागावी लागली. लग्न करून तो परत तुरुंगात गेला, आणि 10 जूनला त्याला जामीन मिळाला.

13 सप्टेंबर 2013 ला बीसीसीआयने श्रीशांत आणि अंकितवर आजन्म बंदी घातली. अंकित तेव्हा 27 वर्षांचा होता. राजस्थानचा माजी खेळाडू अमित सिंगला पाच वर्षं, सिद्धार्थ त्रिवेदीला एक वर्ष.

25 जुलै 2015 ला दिल्लीच्या पतियाळा हाउस कोर्टाने या तिघांसह 36 जणांना सोडून दिलं. इथे मराठी पेपरांनी आणि अंकितच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक घोळ घातलाय, तो निस्तरायला हवा. "निर्दोष सुटला" असं लिहिलं गेलं. तसं नाही. खटला चालून, साक्षी-पुरावे होऊन जो सुटतो तो निर्दोष मुक्त. इथे खटला उभाच राहिला नाही. आरोप निश्चित करण्याच्या पायरीवरच कोर्ट म्हणालं की एवढ्या पुराव्यावर मकोका टिकत नाही आणि बाकीची कलमंही टिकत नाहीत. याला दोषमुक्त म्हणतात. दिल्ली पोलीस त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. तेव्हा "कोर्टाने क्लीन चिट दिली" असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. आणि "कोर्टाने सोडलं म्हणजे काय, सगळे विकले गेलेत" असं कुणी म्हणालं तर त्यालाही थांबवा, कारण कोर्टाच्या हातात कायदाच नव्हता.

ही गोष्ट लोकांना खरी वाटत नाही, पण आपल्या देशात मॅच फिक्सिंग असा वेगळा गुन्हाच नाही. 2000 साली हॅन्सी क्रोनिएचं प्रकरण फुटलं तेव्हापासून हे सगळ्यांना माहीत आहे. 2013 च्या या प्रकरणानंतर केंद्राने खेळातल्या फसवणुकीविरुद्ध एका विधेयकाचा मसुदा केला. कायदा झाला नाही. 2018 मध्ये विधी आयोगाने आपल्या 276 व्या अहवालात सांगितलं की फिक्सिंग हा फौजदारी गुन्हा करा. कुणी ऐकलं नाही. जानेवारी 2022 मध्ये कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने सरळ सांगितलं की फिक्सिंग ही कलम 420 खालची फसवणूक होत नाही, शिक्षा करायचीच तर ती क्रिकेट बोर्डाने आपल्या नियमांखाली करावी. म्हणजे तुम्ही चारशे-सहाशे रुपयांचं तिकीट काढून, उन्हात रांग लावून आत गेलात आणि मैदानावर नाटक चाललं असेल, तर तुम्ही कायद्याने फसवले गेलेला नाहीत. बघा पटतंय का.

मग उरली बोर्डाची शिक्षा. तिचं काय झालं?

श्रीशांत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 15 मार्च 2019 ला सुप्रीम कोर्टाने त्याची आजन्म बंदी रद्द केली आणि शिक्षा किती असावी याचा फेरविचार करा असं बोर्डाला सांगितलं. दोष आहे की नाही यावर कोर्टाने त्याला सोडवलं नव्हतं, फक्त जन्मभराची शिक्षा जास्त होते का ते बघा म्हणालं. बोर्डाचे लोकपाल न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी ती सात वर्षांवर आणली. सप्टेंबर 2020 मध्ये ती संपली. 11 जानेवारी 2021 ला श्रीशांत केरळकडून पुन्हा खेळायला उतरला. कुठे? वानखेडेवर.

त्या दिवशी अंकित चव्हाण कुठे होता? बंदीत. प्रकरण तेच, बंदीची तारीख तीच, शिक्षा तीच. पण सुप्रीम कोर्टात जायला वकील लागतात, वकिलांना पैसे लागतात आणि थोडं नावही लागतं. श्रीशांतकडे दोन विश्वचषकांची पदकं होती, अंकितकडे मुंबईची टोपी होती. त्याची बंदी सात वर्षांवर आल्याचा आदेश आला 2021 च्या मे महिन्यात, म्हणजे ती सात वर्षं उलटून गेल्यावर. ज्या वयात डावखुरा स्पिनर पिकतो, ते सगळं वय, 27 ते 35, त्याने बाहेर काढलं. क्लबच्या नेटमध्येही अधिकृतपणे बोलिंग टाकायची सोय नव्हती. तो गुन्हेगार होता असं धरूनच बोलतोय मी. गुन्हेगार होता, शिक्षा झाली, शिक्षा भोगली, थोडी जास्तच भोगली. मग कोचिंगची लेव्हल 1 परीक्षा दिली आणि काम मागितलं.

आता याला काम द्यायचं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचे परिच्छेद सावकाश वाचा.

मोहम्मद अझरुद्दीन. डिसेंबर 2000 मध्ये आजन्म बंदी. 2009 मध्ये मुरादाबादचा खासदार. 2012 मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली. 2019 मध्ये तोच माणूस हैदराबाद क्रिकेट संघटनेचा अध्यक्ष झाला. कोच नाही हो, अध्यक्ष! त्यानंतर तेलंगणात मंत्रीही झाला.

अजय जडेजा. पाच वर्षांची बंदी, 2003 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उठवली. मग वीस वर्षं टीव्हीवर बसून त्याने आपल्याला क्रिकेट शिकवलं आणि 2023 च्या विश्वचषकात अफगाणिस्तानचा मार्गदर्शक झाला. अफगाणिस्तानने इंग्लंड आणि पाकिस्तानला हरवलं तेव्हा आपण सगळ्यांनी त्याचे फोटो टाकले, "आपला जडेजा" म्हणून. मीही टाकला असता, फोटो छान होता. तेव्हा कुणी विचारलं नाही की अफगाण पोरं कुणाच्या हातात दिली.

आणि आता त्याच 2013 च्या आयपीएलची वरची मजली. 14 जुलै 2015 ला लोढा समितीने चेन्नईच्या गुरुनाथ मयप्पनला आणि राजस्थानच्या राज कुंद्राला सट्टेबाजीबद्दल क्रिकेटमधून कायमचं बाहेर काढलं आणि दोन्ही संघांना दोन वर्षं निलंबित केलं. दोन वर्षं फक्त! 2018 मध्ये दोन्ही संघ परत आले, आणि चेन्नईने त्याच वर्षी चषक उचलला. ढोल वाजले, शिट्ट्या वाजल्या. गुरुनाथचे सासरे एन. श्रीनिवासन यांचं काय? जावयाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात चालू असतानाच जून 2014 मध्ये ते आयसीसीचे अध्यक्ष झाले. मालकाच्या जावयाने सट्टा खेळला म्हणून संघाला दोन वर्षं, आणि षटक टाकणाऱ्याला आधी जन्मभर, मग सात. हिशेब कुणी मांडला हो हा?

यावर कुणी म्हणेल, दुसऱ्याने चोरी केली म्हणून याची चोरी माफ होत नाही. बरोबर. माफ करा असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतोय की शिक्षा संपली. यात फरक आहे. माफी म्हणजे शिक्षा न करणं. इथे शिक्षा पूर्ण झालीये, आणि आता तुम्ही कट्ट्यावर बसून तिच्यावर आणखी शिक्षा लावताय, जिला ना मुदत आहे ना अपील.

अजून एक नाव घेतो, मुंबईचंच. हरमीत सिंग. तोही डावखुरा स्पिनर, तोही राजस्थान रॉयल्सचा. 2012 चा 19 वर्षांखालील विश्वचषक आपण जिंकला त्या संघात होता, इयन चॅपलने त्याचं भरभरून कौतुक केलं होतं. 2013 च्या चौकशीत त्याचंही नाव आलं आणि बोर्डाने त्याला पुराव्याअभावी सोडलं. बंदी नाही, शिक्षा नाही, काही नाही. तरीही मुंबईत त्याचं करिअर पुढे सरकलं नाही. शेवटी तो अमेरिकेत गेला आणि जून 2024 मध्ये टी-20 विश्वचषकात न्यूयॉर्कला भारताविरुद्ध अमेरिकेकडून खेळला. सगळं त्या एका प्रकरणामुळे झालं असं मी म्हणणार नाही, खेळाडू मागे पडायला इतरही कारणं असतात. पण ज्याला बोर्डाने सोडलं त्याच्याकडेही आपण कसं बघत होतो हे प्रामाणिकपणे आठवा. एका झटक्यात मुंबईचे दोन डावखुरे गेले, एक बंदीने आणि एक कुजबुजीने.

आता पोरांच्या नीतिमत्तेचं बोलू. कारण आक्षेपाचा खरा जोर तिथे आहे: 14 वर्षांखालची मुलं, कोवळं वय, कोच म्हणजे आदर्श वगैरे.

दादर-माटुंग्याच्या मैदानांवर जे सकाळी सहाला येतात त्यांना विचारा, मुलाला फसवाफसवीचा पहिला धडा कोण देतं. कोच नाही. घरचे. जन्मदाखल्यावर एक वर्ष कमी करून आणलेली पोरं प्रत्येक वयोगटाच्या निवड चाचणीत असतात. बीसीसीआयला 16 वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजावं लागतं ते कशामुळे? त्या मुलाला शिकवलं जातं की कुणी विचारलं तर तारीख अशी सांगायची. तेरा वर्षांच्या मुलाला खोटी जन्मतारीख पाठ करायला लावणारे बाप आज अंकित चव्हाणच्या नेमणुकीवर "संस्कार" हा शब्द वापरताना दिसले की मला खरंच हसू येतं. सगळे तसे नाहीत, मान्य. पण जे तसे नाहीत त्यांचा आवाज मला या गोंगाटात फारसा ऐकू आला नाही.

आणि मोबाइलवर? भारतीय संघाच्या जर्सीवर 2023 पासून ड्रीम इलेव्हन होतं. 2020 ची आयपीएल त्याच नावाने झाली. कायद्याने तो कौशल्याचा खेळ होता, बरं. पण गिरगावातल्या चाळीत नववीतला पोरगा बापाच्या फोनवर 49 रुपये लावून टीम बनवत होता, तेव्हा तो काय कौशल्य शिकत होता? ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आणला म्हणून ते नाव छातीवरून उतरलं. बोर्डाला स्वतःहून लाज वाटली म्हणून नव्हे.

मग मुलांना फिक्सिंगबद्दल नेमकं कोण काय सांगतंय? मोठ्या वयोगटांना बोर्डाची माणसं येऊन नियम वाचून दाखवतात. भेटवस्तू घेऊ नका, फोन आला तर कळवा. पोरं माना डोलावतात. कारण त्यांच्या डोक्यातला बुकी म्हणजे हिंदी सिनेमातला, सोन्याची साखळी आणि काळा चष्मा. 2013 च्या प्रकरणात बोर्डाने ज्या अमित सिंगवर पाच वर्षांची बंदी घातली तो ड्रेसिंग रूममधलाच माणूस होता, त्याच संघाकडून खेळलेला. असा माणूस "चल रे, जेवायला जाऊ" म्हणत येतो. बॅट देतो, बूट देतो, कधी बहिणीच्या लग्नाची चौकशी करतो. पैशाचं नाव सगळ्यात शेवटी निघतं, तोपर्यंत तुम्ही त्याच्या उपकाराखाली असता. आणि नुसतं गप्प बसणं हाही गुन्हा आहे, हे किती पोरांना माहीत असेल? शाकिब अल हसनने काही विकलं नव्हतं. बुकीने संपर्क केला ते कळवलं नाही, एवढ्यावर ऑक्टोबर 2019 मध्ये त्याला दोन वर्षांची बंदी झाली, त्यातलं एक वर्ष स्थगित.

हे सगळं पोरांना सांगायला अख्ख्या मुंबईत अंकित चव्हाणपेक्षा लायक माणूस कोण आहे? त्याच्यावरचा आरोप खरा होता की नाही हे बाजूला ठेवलं, तरी त्या आगीच्या सगळ्यात जवळ जाऊन भाजून परत आलेला तोच आहे. तिहारमध्ये रात्र कशी असते, 23 धावांत 9 बळी घेतलेल्या हाताने सात वर्षं चेंडू न टाकता कसं राहायचं, आपलं नाव टीव्हीवर लागतं तेव्हा घरच्यांनी बिल्डिंगचा जिना कसा उतरायचा, हे नियमांच्या पुस्तकात नाही.

म्हणून माझी अट एमसीएला आहे. नेमणूक गुपचूप उरकायची, चार दिवस बोंबाबोंब झाली की "जुनी गोष्ट आहे" म्हणून खांदे उडवायचे, आणि मोसमभर त्या विषयावर कुणी बोलायचं नाही, ही पद्धत मला मान्य नाही. ती मुलांवर अन्याय आहे आणि अंकितवरही. विषय झाकून ठेवला की पहिल्या पराभवाला कुणीतरी तो उकरून काढणारच. संघ 14 षटकांत सहा गडी गमावेल आणि स्टँडमधला एक बाप म्हणेल, "याला विचारा, आज किती घेतले." त्या क्षणी तेरा वर्षांच्या मुलासमोर कोच म्हणून उभं राहणं अंकितला जमणार नाही, जर मुलांनी ती गोष्ट आधी त्याच्याच तोंडून ऐकलेली नसेल.

तेव्हा संघटनेने आधी लेखी सांगावं की याला आम्ही का निवडलं. बंदी कधी संपली, परीक्षा कोणती दिली, मुलाखत कुणी घेतली. आणि मग निवड झालेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना वानखेडेवर बोलवावं, दार लावून घ्यावं, पत्रकारांना बाहेर ठेवावं आणि अंकितला बोलू द्यावं. त्याला जेवढं सांगायचं तेवढं त्याने सांगावं. कबुलीजबाब मागू नये, तो मागायचा अधिकार संघटनेला नाही आणि पालकांना तर नाहीच. पण पोरांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. पोरं मोठ्यांपेक्षा सरळ विचारतात.

तासाभराचं काम आहे. गाइल्स शील्डचे सामने सुरू व्हायच्या आत उरकता येईल. आणि त्या खोलीत पालकांनी येताना मुलाचा जन्मदाखलाही बरोबर आणावा, मूळ प्रत.